तुळईत लपलेलं झाड: जुझेप्पे पेनोने यांचं प्रदर्शन कसं पाहावं

इटालियन शिल्पकार जुझेप्पे पेनोने यांच्या प्रदर्शनात शिरल्यावर बहुतेक लोक दालनाच्या मधोमध उभं राहून चौफेर नजर फिरवतात. लांबून त्यांना दिसतं ते एवढंच: एक निष्पर्ण झाड, दोन धोंडे, मातीचं एक मोठं भांडं, काही काळेपांढरे फोटो. मग पाट्या वाचत वाचत अर्ध्या तासात बाहेर. हा कलावंत असा पाहून हाती लागत नाही. त्याचं बहुतेक काम जवळून, कडेने आणि घडलं त्याच क्रमाने पाहावं लागतं. तो क्रम कळला की लाकडाचा साधा ओंडकाही वीस मिनिटं जागचं हलू देत नाही.

पेनोने यांचा जन्म 1947 मध्ये इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या गारेस्सियो या डोंगराळ गावचा. तुरीन हे त्यांचं कामाचं शहर. जेर्मानो चेलान्त या समीक्षकाने 1967 मध्ये ज्या चळवळीला ‘आर्ते पोवेरा’ (शब्दशः ‘गरीब कला’) हे नाव दिलं, त्यातले ते वयाने सर्वांत धाकटे. माती, दगड, लाकूड, पानं, स्वतःचं शरीर हेच त्यांचं सामान. कोणत्याही कामापुढे उभे राहिलात की एक प्रश्न विचारा: इथे कोणी कोणाला स्पर्श केला, आणि खूण कोणावर राहिली? बाकीचं पाहणं या प्रश्नातूनच सुरू होतं.

जाण्याआधी: वखारीत एक तास

पेनोने यांची सर्वांत महत्त्वाची कामं लाकडाची आहेत. लाकूड वाचता येत नसेल तर ती फक्त ‘सुंदर’ दिसतात, त्यापुढे जात नाहीत. म्हणून प्रदर्शनाच्या आधी जवळच्या लाकडाच्या वखारीत किंवा आरागिरणीत जाऊन या. साग नको. वखारीत येणारा चांगला साग बिनगाठीचा निवडलेला असतो आणि आपल्याला तर गाठीच हव्यात. परदेशातून येणारं पाइन पाहा. ते नसेल तर पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनही चालेल.

तुळईचं किंवा फळीचं टोक आधी बघा. तिथे वर्षवलयं दिसतात. वलयांच्या कमानी ज्या बाजूला फुगलेल्या असतात ती सालीची बाजू, आणि त्या ज्याच्याभोवती फिरतात तो गाभ्याचा बिंदू. सगळ्या तुळयांत हा बिंदू नसतो. मोठ्या ओंडक्यातून चार तुळया काढल्या तर तो एखादीतच येतो, किंवा करवतीखाली जातो. तुळईच्या टोकावर पूर्ण वर्तुळं आणि त्यांच्या मधोमध ठिपका दिसला, तर त्या तुळईच्या आत एक अख्खं कोवळं झाड उभं आहे. ठिपका नसेल तर झाडाची फक्त एक कड आहे. पेनोने यांना पहिल्या प्रकारची तुळई लागते.

आता गाठी. फांदी सालीवर उगवत नाही, ती गाभ्यापासून निघते. त्यामुळे खोडाच्या आत तिचा आकार शंकूसारखा असतो: गाभ्याशी टोकदार आणि बाहेर येईल तसा रुंद. फळी कापताना करवत फांदीला आडवी गेली तर गाठ गोल दिसते, फांदीच्या लांबीने गेली तर लांबट पाचर दिसते. त्या पाचरीचं अणकुचीदार टोक नेहमी गाभ्याकडे बोट दाखवतं. अशा दोन-तीन पाचरी सापडल्या की फळी कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूची, याचा अंदाज सुताराला न विचारता बांधता येतो.

एखादी गाठ काळ्या कडेची आणि सैल असेल, बोटाने दाबल्यावर हलत असेल, तर ती मेलेली फांदी होती. फांदी आधी वाळली आणि खोड तिच्याभोवती वाढत गेलं, पण दोघांचे तंतू जुळले नाहीत. जिवंत फांदीच्या गाठीला अशी काळी कड नसते.

‘अल्बेरो’: तुळईतलं झाड

1969 मध्ये पेनोने यांनी इमारतीच्या तुळईतून पहिलं झाड बाहेर काढलं. तेव्हा ते 22 वर्षांचे होते आणि झाडही त्याच्या बाविसाव्या वर्षातलंच खोदून काढलं. कामाच्या लांबलचक नावातही हे बाविसावं वर्ष आहे. तेव्हापासून ही ‘अल्बेरो’ (झाड) मालिका थांबलेली नाही. लंडनच्या टेट संग्रहातलं ‘बारा मीटरचं झाड’ (1980–82) अमेरिकन लार्चच्या लाकडाचं आहे आणि दोन तुकड्यांत उभं केलं जातं.

पद्धत सांगायला सोपी आहे. तुळईच्या टोकावरचं एक वलय निवडायचं. त्याच्या बाहेरची सगळी वलयं पटाशीने सोलत जायची आणि तेच वलय तुळईच्या लांबीभर धरून ठेवायचं. वाटेत गाठ आली की ती कापायची नाही, तिच्या भोवतीचं लाकूड काढायचं. गाठ तिथे फांदी म्हणून बाहेर येते. पटाशी वलय सोडून एका वलयाइतकी जरी आत घसरली, तरी तिथे झाड एक वर्षाने लहान होतं, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

पाहण्याचा क्रम असा ठेवा:

1. वर बघू नका. आधी बुडाशी जा. तिथे बहुतेक वेळा तुळई तशीच चौकोनी सोडलेली असते. तिच्या कडा, करवतीच्या खुणा, असल्यास खिळ्याची भोकं पाहा. हे लाकूड झाड नव्हतं, बांधकामाचं सामान होतं, हे इथे कळतं.

2. चौकोन संपून गोलाई कुठे सुरू होते ती रेषा शोधा. तिथे उघड्या पडलेल्या वलयांच्या पायऱ्या दिसतात. बाहेरच्या कडेपासून गोल खोडापर्यंत जितकी वलयं मोजता येतील तितक्या वर्षांपूर्वीचं झाड तुमच्यासमोर आहे. समजा तुळईत साठ वलयं आहेत आणि खोदकाम विसाव्यावर थांबलंय, तर चाळीस वर्षं सोलून काढली आहेत.

3. आता खोडावरून नजर वर न्या आणि ते निमुळतं होत जातंय याकडे लक्ष द्या. ही निमुळती चण कलावंताने कल्पनेने दिलेली नाही. तळाशी जे विसावं वलय असतं ते वर जाताना गाभ्याच्या जवळ जवळ येतं, कारण विसाव्या वर्षी झाड त्या उंचीवर तितकं जाड नव्हतंच. आणखी वर गेलं की ते वलय संपतं, कारण विसाव्या वर्षी झाडाचा शेंडा तिथवरच पोचला होता. वलय सपाट चित्रात वर्तुळ दिसतं, पण झाडात तो उंच, अरुंद शंकू असतो. एवढी एक गोष्ट नीट समजली की सगळी ‘अल्बेरो’ मालिका उघडते.

4. फांद्या बघा. पाइन, फर, स्प्रूस यांत फांद्यांचे मंडल असतात, म्हणजे एका उंचीवर चारी बाजूंनी निघालेल्या फांद्या. सर्वसाधारणपणे वर्षाला एक मंडल येतं, त्यामुळे दोन मंडलांतलं अंतर म्हणजे झाडाने त्या वर्षी घेतलेली उंची. अंतर एकदम आखूड झालेलं दिसलं, तर ते वर्ष झाडाला कठीण गेलं. लार्चमध्ये मंडलं इतकी नियमित नसतात, तिथे हा हिशेब लावू नका.

5. शेवटी मागच्या बाजूला जा. अनेक तुळयांत झाड अर्ध्यापर्यंतच उघडं केलेलं असतं आणि पाठीमागे तुळई तशीच असते. मागून पुढे येताना दर दोन पावलांवर थांबा.

इथे एक हमखास गफलत होते. लाकडाला उभ्या भेगा असतात आणि लोक त्यांना खोदकाम किंवा नुकसान समजतात. त्या दोन्ही नव्हेत. लाकूड वाळताना वलयाच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसतं, गाभ्याकडून सालीकडे मात्र कमी. गाभा आतच राहिलेल्या तुळईत हा ताण कुठेतरी सुटावाच लागतो, म्हणून गाभ्यापासून बाहेर जाणारी भेग पडते. संग्रहालयं हवेतली आर्द्रता स्थिर ठेवतात ती नव्या भेगा पडू नयेत म्हणून. दारातून वारा आत येत असेल आणि रखवालदार दार लावायला धावत असेल, तर त्याचं कारण हे आहे.

याच विचाराचं मोठं रूप म्हणजे ‘चेद्रो दि वेर्साय’. डिसेंबर 1999 च्या वादळात फ्रान्समधल्या व्हर्सायच्या बागेतले हजारो वृक्ष कोसळले. त्यातला एक देवदार पेनोने यांनी घेतला. इथे तुळई नाही, सालीसकट अख्खं खोड आहे, सहा मीटरच्या आसपास उंच. त्याला दारासारखी उभी खाच पाडून आत त्याच झाडाचं तरुणपण खोदलंय. समोर उभं न राहता खाचेच्या कडेवर या. कापलेल्या कडेवर सालीपासून आतपर्यंत वलयांची जाडी एका नजरेत मिळते आणि आतलं झाड बाहेरच्या झाडाच्या किती वर्षं मागे आहे ते डोळ्यांनी मोजता येतं.

झाड धरणारा हात

1968 मध्ये गारेस्सियोजवळच्या रानात पेनोने यांनी एका कोवळ्या झाडाचं खोड मुठीत धरलं. नंतर त्याच जागी स्वतःच्या हाताचा स्टीलचा साचा बसवला. झाड वाढत राहील, फक्त त्या बिंदूपाशी नाही, असं त्या कामाचं नाव सांगतं. संग्रहालयात बहुतेक वेळा फोटोच असतात, कधी धातूचा हात घट्ट बसलेलं खोड.

इथे पुष्कळांना वाटतं की झाड वाढेल तसा हात वर जाईल. तो वर जात नाही. झाडाची उंची फक्त शेंड्यांना वाढते, खोडाचा एखादा बिंदू जमिनीपासून जितक्या उंचीवर असतो तितक्याच उंचीवर कायम राहतो. वाढतो तो घेर, कारण सालीच्या आतला पातळ थर दरवर्षी नवं लाकूड घालतो. हाताखाली त्याला जागा नाही, म्हणून लाकूड बोटांच्या वरून आणि खालून फुगत जातं आणि हळूहळू हात गिळतं. पाटीवर दोन सालं असतील तर ती दोन्ही वाचा. पहिलं हात बसवल्याचं असतं आणि दुसरं बहुधा फोटो काढल्याचं. त्या दोन सालांमधल्या वर्षांत झाडाने काय केलं हेच पाहायचं असतं. दोन फोटो शेजारी असतील तर बोटांची पेरं कितपत बुडाली आहेत तेवढंच ताडून बघा.

काचेमागच्या जुन्या फोटोंना समोरून पाहू नका, स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल. थोडं बाजूला सरका. ‘स्वतःचे डोळे उलटवणं’ (1970) या कामात मात्र प्रतिबिंबच मुख्य आहे. पेनोने यांनी आरशाच्या कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या आहेत, त्यांना स्वतःला काही दिसत नाही आणि समोरचा रस्ता त्यांच्या बुबुळांवर उमटला आहे. चेहऱ्याकडे नाही, लेन्सवरच्या त्या इवल्याशा दृश्याकडे बघा.

मातीतला श्वास

‘सोफ्फिओ’ (फुंकर, श्वास) मालिका 1978 ची. भाजलेल्या मातीची, साधारण दीड मीटर उंचीची कामं. लांबून ती मोठ्या रांजणासारखी दिसतात, आणि तिथेच लोक फसतात.

माणूस फुंकर घालतो तेव्हा बाहेर पडणाऱ्या हवेला आकार असता तर तो कसा असता, हे या मातीत घडवलंय. पूर्ण फेरी मारा आणि ज्या बाजूला लांब, उभा दाब आहे ती बाजू शोधा. तिथे कलावंताचं शरीर मातीला टेकलं होतं. पायापाशी जीनपँटच्या घड्या उमटलेल्या दिसतील. मग वरचं टोक पाहा. तिथला ओबडधोबड, वळलेला तुकडा म्हणजे तोंडाच्या आतल्या पोकळीचा ठसा आहे. या दोन खुणा जुळल्या की रांजण नाहीसा होतो. त्या बाजूला, परवानगी असलेल्या अंतरावर, ठशाच्या सरळ रेषेत उभे राहा. तुमची उंची साधारण तशीच असेल तर तोंडाचा ठसा कुठे येतो ते लगेच उमगेल. लहान मुलांना हे काम मोठ्यांपेक्षा आधी समजतं, त्यांना समजावून सांगण्याची घाई करू नका.

पानांची खोली

‘रेस्पिरारे लोम्ब्रा’, म्हणजे सावली श्वासात घेणं. जाळीच्या चौकटींत लॉरेलची वाळलेली पानं ठासून भरायची आणि त्या चौकटींनी खोलीच्या भिंती जमिनीपासून वरपर्यंत झाकायच्या. पॅरिसच्या पाँपिदू संग्रहातल्या रूपात एका भिंतीवर सोनेरी मुलामा दिलेल्या ब्राँझची, पानांचीच बनलेली फुप्फुसं आहेत.

आपल्या मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र आणि हे लॉरेल एकाच कुळातले, पण वेगळे वृक्ष आहेत. तमालपत्रावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात, लॉरेलच्या पानाला एकच मधली शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा. वासही निराळा. तमालपत्र दालचिनीच्या जवळचं, लॉरेलमध्ये निलगिरीतही असणाऱ्या सिनिओल या सुगंधी द्रव्याची झाक. जाळीतलं एखादं पान जवळून पाहून हे पडताळता येतं.

वास घेण्याची रीत महत्त्वाची आहे. त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल, डिओडरंट लावू नका. दारात पाऊल टाकताच नाकाने एक सावकाश श्वास घ्या. हाच सर्वांत मोलाचा, कारण नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि मग तो जाणवेनासा होतो. वास गेला असं वाटलं की बाहेर जा, दुसरं दालन पाहा, दहा मिनिटांनी परत या. काम जुनं असेल आणि पानांचा हिरवा रंग तपकिरी झाला असेल, तर तेल उडून गेल्याने वास मंदच असतो. त्यात तुमच्या नाकाचा दोष नाही. गर्दीच्या वेळी हे दालन टाळा, दार उघडण्याच्या वेळी सर्वांत आधी इथेच या. आणि बोलणं थांबवून ऐका: पानांचे जाड थर आवाज शोषतात, त्यामुळे खोली अंगाजवळ आल्यासारखी वाटते.

बाकीची कामं, थोडक्यात

‘एस्सेरे फ्यूमे’, म्हणजे नदी होणं (1981 पासून), यामध्ये दोन सारखे धोंडे असतात. एक नदीत झिजलेला. दुसरा नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या त्याच खडकातून काढून पहिल्यासारखा हुबेहूब घडवलेला. खरा कोणता, हे ओळखण्याची पैज लावण्यात वेळ दवडू नका. एका धोंड्यावरचा एखादा टवका निवडा आणि दुसऱ्यावर त्याचा जोडीदार शोधा. नदीने ठोकून, घासून, आपटून जे केलं तेच हाताने केलंय, हे अशा शोधातून पटतं.

‘पाताते’ (1977) म्हणजे बटाट्यांचा ढीग. चेहऱ्याच्या अवयवांचे साचे जमिनीत पुरून त्यांत बटाटे वाढू दिले आणि त्यांचे पाच ब्राँझ ओतले. ढिगातले ते पाच शोधून काढा. बाकीचे बटाटे खरे असतात, उजेडात हिरवे पडतात आणि त्यांना कोंब येतात, म्हणून संग्रहालयाला ते बदलत राहावे लागतात.

अकेशियाच्या काट्यांच्या कामांना मात्र अंतर लागतं. हजारो काटे कॅनव्हासवर टोचलेले असतात. सहा ते आठ मीटर मागे गेलात की मिटलेल्या पापण्या किंवा ओठ दिसतात, जवळ आलात की फक्त काटे. शेवटी कडेने पाहा म्हणजे काट्यांच्या सावल्या दिसतील. संगमरवराच्या ‘अनातोमिया’लाही कडेचाच उजेड हवा: दगडातल्या नैसर्गिक शिरा तशाच ठेवून भोवतीचा दगड खोदलाय, आणि समोरच्या उजेडात तो उठाव हरवतो.

पानं आणि साल घासून काढलेल्या चित्रांच्या दालनात उजेड मुद्दाम कमी असतो. पानांचा हिरवा रंग प्रकाशाने उडतो. अशा नाजूक कामांना साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) देतात. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं नुसते थांबा, डोळे सरावले की हिरव्याच्या छटा वेगळ्या होतात.

उघड्यावरची झाडं

बागेतली पेनोने यांची झाडं बहुधा ब्राँझची असतात आणि शेजारून जाणाऱ्यांना ती खरी वाटतात. ओळखायचं तर बारीक डहाळ्यांची टोकं बघा, तिथे कळी किंवा पालवी नसते. फांद्यांच्या बेचक्यात मोठा दगड असेल तर शंकाच नको. दगड मात्र खरा असतो. असं एक झाड जर्मनीतल्या कासेल शहरातल्या कार्ल्सआउए उद्यानात आहे. रोममध्ये लार्गो गोल्दोनी चौकात 2017 पासून दोन ब्राँझ झाडं संगमरवराचा 11 टनांचा ठोकळा उचलून उभी आहेत. पॅरिसच्या त्युलरी बागेत ब्राँझचा उन्मळलेला ओक आडवा पडलाय. त्याच्या फांद्या जिथे जमिनीला टेकतात तिथे खरी झाडं लावली आहेत. ही तिन्ही पाहायला तिकीट लागत नाही. अशा कामांसाठी हिवाळा उत्तम, कारण भोवतीच्या खऱ्या झाडांची पानं गळलेली असतात आणि दोन्ही फांद्यांची तुलना करता येते.

वेळ, नियम, ठिकाणं

मोठ्या प्रदर्शनाला दोन तास धरा आणि सगळं पाहण्याचा हट्ट सोडा. एका ‘अल्बेरो’ला वीस मिनिटं, पानांच्या खोलीला दोन फेऱ्या, एका ‘सोफ्फिओ’ला पूर्ण प्रदक्षिणा, एवढं झालं तरी भरपूर आहे. पाठपिशवी लॉकरमध्ये ठेवा. फांद्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर बाहेर आलेल्या असतात आणि धक्का नेहमी मागे सरकताना लागतो. स्पर्शाच्या या कलेला हात लावावासा वाटणारच, पण लावू नका. हाताचं तेल आणि घाम सोललेल्या लाकडावर डाग सोडतात आणि ते पुसताना वलयाचा पृष्ठभाग झिजतो.

तात्पुरतं प्रदर्शन नसेल तेव्हा कायमच्या संग्रहांचा आधार घ्या. टेट मॉडर्नच्या संग्रह-दालनांना तिकीट नाही, पण प्रत्येक काम कायम मांडलेलं नसतं. निघण्याआधी संकेतस्थळावर कामाचं नाव टाकून ते दालनात आहे की कोठारात, हे तपासा. पाँपिदूची इमारत दीर्घ नूतनीकरणासाठी 2025 पासून बंद आहे. कॅनडातल्या मराठी मंडळींना टोरोंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमधलं गॅलेरिया इतालिया हे लाकडी दालन जवळ पडेल, तिथे पेनोने यांची कामं मांडली गेली आहेत. इटलीला जाणार असाल तर तुरीनला एक पूर्ण दिवस द्या. शहराबाहेरच्या वेनारिया रेआले राजवाड्याच्या बागेत पेनोने यांची 14 कामं कायमची आहेत. इटलीतली अनेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि वेनारियाचंही तसंच आहे, त्यामुळे तुरीनचा मुक्काम मंगळवार ते रविवारमध्येच बसवा. बागेत सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर जा, तिरप्या उन्हात ब्राँझच्या सालीवरच्या खाचा स्पष्ट दिसतात.